अंगण

लेन्स आली तेव्हा घरात कुणी नव्हतं.
म्हणजे, तशीच वेळ मी निवडली होती.
खोका माळ्यावर गेला,
पावती दुकानाच्या जुन्या बिलांत,
आणि अठरा हप्त्यांतला पहिला
गाडीच्या दुरुस्तीत.

नाचता येईना अंगण वाकडं,
ही म्हण शाळेत दहा वेळा लिहून काढली होती मी,
अक्षर सुधारावं म्हणून.
अक्षर तसंच राहिलं.
आता चाळिशीनंतर मी एवढंच केलं,
अंगण सरळ करून घेतलं,
ओळंबा लावून, चार हजार पौंड मोजून.
फक्त पाय उचलायचे बाकी होते.

आर्नसाइड. नोव्हेंबरातली सकाळ.
खाडी रिकामी, ओल्या वाळूत पाण्याच्या बारीक शिरा,
रेल्वेचा लांबलचक पूल खांबांवर ताटकळत उभा.
मी ट्रायपॉड उलगडला.
त्याचे सांधे माझ्या गुडघ्यांपेक्षा कमी वाजले.

मागे बाकावर एक म्हातारी.
डोरीन हे नाव नंतर कळलं, आधी दिसला तिचा कॅमेरा:
प्लास्टिकचा, मागचं झाकण
जखमेवर लावायच्या पट्टीने चिकटवलेलं.
तसली पट्टी मी रोज विकतो.
चॅरिटीच्या दुकानात चार पौंडांना मिळाला, म्हणाली,
त्यातले दोन पिशवीचे असावेत.

खोटं कशाला बोलू, मला तिची दया आली.
आणि दया आली की माणूस
किती ताठ उभा राहतो.

पहिला भोंगा वाजला.
"निघालं पाणी," ती म्हणाली,
पाहुणे स्टेशनवरून निघाल्यासारखं.
मी घेत राहिलो,
पूल, पुलाचे खांब, खांबांच्या सावल्या,
खांबावरचा गंज, गंजावरचा थेंब.
ती कोटाच्या खिशात हात घालून बसलेली.

दुसरा भोंगा.
मी दोनशे अकरावा फोटो तपासत होतो.
मागे टक् असा आवाज झाला,
जुन्या दिव्याचं बटण दाबल्यासारखा.
मान वर केली तेव्हा लाट धक्क्यापुढे निघून गेलेली.

"एकच घेतलात?"
"फिल्मला पैसे पडतात, बाळा."

मग तिने विचारलं, यातून बघू का जरा?
पलीकडच्या काठावर एक पांढरा बगळा बसतो,
अकरा वर्षं बघतेय.
मी रोखून दिलं. ती बराच वेळ वाकून राहिली.
"कुंपणाला अडकलेली पिशवी आहे," म्हणाली.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
"चांगली आहे हो तुमची काच."
तिच्या या बोलण्यावर काय म्हणायचं असतं
ते मला अजून सुचलेलं नाही.

फेब्रुवारीत आम्ही तिथेच मासे खायला गेलो,
वृंदा, मी आणि पोरगी.
भिंतीवर, व्हिनेगरच्या बाटल्यांच्या वर, तो फोटो.
डाव्या कडेला लाल पट्टा, झाकणातून उजेड शिरलेला.
कोपरे अंधारलेले. धार कशालाच नाही.
खाडीभर आडवी एक पांढरी दोरी, सरकत येणारी,
आणि तिच्यापुढे एक कुत्रा,
चारही पाय वाळूवरून सुटलेले.
तो कुत्रा मी पाहिलाच नव्हता.
माझ्यापासून वीस पावलांवर होता.

त्याच्या अलीकडे एक माणूस,
डोक्यावर जाकीट ओढून
स्क्रीनमध्ये मान घातलेला,
जग त्याच्या समोरून जात असताना
जग नीट आलंय का ते बघणारा.

वृंदाने बटाटा खाली ठेवला.
"ही पाठ तुझी ना?"
मग, जरा जवळ जाऊन,
"आणि ही नळकांडी कुणाची?"

चार पौंडांच्या कॅमेऱ्यात
माझं तोंड आलं नव्हतं,
हप्ते मात्र अठराच्या अठरा आले होते.

अजून सात उरलेत. लेन्स विकली नाही.
विकून काय, कुत्रा परत धावणार आहे?
रविवारी जातो कधी. डोरीन असते किंवा नसते.
असली की विचारते, बगळा आहे का आज?
मी रोखतो. पिशवी आता फाटलीय,
वारा सुटला की दोन्हीकडे पसरते.
"आहे," म्हणतो. "उडेल असं वाटतंय."
ती कॅमेरा हातात घेते,
आणि थांबते.